पाणी बाहेर जायची वाट

आमच्या जुन्या घरात आत आणि बाहेर यांत फारसा फरक नव्हता. टेकडीच्या उतारावरची एक खोली. तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला मागच्या घराची विटांची भिंत आणि डोक्यावर परत पत्राच. बाहेर ऊन तापलं की आत त्याहून जास्त तापायचं. बाहेर थंडी पडली की आत जास्त पडायची. शेजारच्या काकूंना ठसका लागला तर आई आमच्या स्टोव्हपाशी बसल्या बसल्या विचारायची, "पाणी प्यालात का?" आणि पत्र्यापलीकडून "व्हय व्हय" असं उत्तर यायचं. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण कुणावर चिडलंय, कुणाच्या पोराची दांडी उडालीय, सगळं सगळ्यांना ठाऊक.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. त्यांना मी अण्णा म्हणते. साताऱ्याच्या कोरड्या बाजूचं गाव सोडून ते तरुणपणी पुण्यात आले आणि पाठीवर पोती वाहून त्यांनी ती खोली उभी केली. आई यार्डातच एका गाळ्यावर लसूण निवडायला जायची. लसणाच्या पापुद्र्यांची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. त्यातून तिची छाती नाजूक झाली ती कायमचीच. मी दोघांची एकुलती एक मुलगी.

एप्रिल-मेमध्ये अण्णा यार्डातून फाटकी बारदानं आणायचे. ती बादलीत भिजवून छपरावर पसरायची हे माझं काम. घटकाभर बरं वाटायचं. मग बारदान कडकडीत वाळायचं आणि घरभर कांद्याचा वास सुटायचा. माझ्या दहावीच्या पुस्तकांनाही तोच वास होता. हिवाळ्यात वेगळी तऱ्हा. पहाटे पत्र्याला आतून घाम यायचा. आमच्याच श्वासांची वाफ गार पत्र्याला लागून थेंब व्हायची आणि ते थेंब तोंडावर पडून जाग यायची. गजराच्या घड्याळाची गरज आम्हाला कधी पडली नाही.

पावसाळ्याच्या आधी मात्र घरात एक कार्यक्रम असायचा. दार लावून घ्यायचं, झरोक्यावर चादर टाकायची आणि मी जमिनीवर उताणी पडायची. अंधार झाला की पत्र्यातली भोकं उजेडाच्या टाचण्यांसारखी दिसायला लागत. कुठं गंजून पडलेलं, कुठं खिळा सुटलेला. मी उठून एकेका भोकाला वेताच्या काठीने आतून ठोका द्यायची. वर चढलेले अण्णा त्या ठोक्याच्या जागी तापवलेलं डांबर आणि चिंधीचा तुकडा दाबून बसवायचे. "अजून हाय का?" ते वरून विचारायचे. मी परत पडून बघायची. सगळा अंधार झाला की काम संपलं. मग अण्णा खाली यायचे, हात रॉकेलने धुवायचे, आणि आई चहा टाकायची. एवढं करूनही पाऊस सुरू झाला की कुठूनतरी पाणी यायचंच, आणि अण्णा परत वर चढायचे. भोक म्हणजे वैरी, हे त्यांनी वर्षानुवर्षं त्या छपरावर बसून शिकलेलं होतं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग डिग्री केली. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली. हे मी जरा मोठ्याने सांगते, कारण ते मोठ्याने सांगण्यासारखं आहे. कॉलेजात शेवटच्या वर्षी इमारतीच्या बाहेरच्या आवरणावर एक विषय होता. भिंत, छप्पर, खिडकी, छज्जा ही सगळी मिळून इमारतीची कातडी. ऊन, पाऊस, वारा, धूळ, आवाज हे बाहेर ठेवायचे. आतल्या माणसाला उजेड आणि हवा मिळू द्यायची. सर फळ्यावर हे लिहीत होते आणि मला वाटत होतं की बारदान, डांबर आणि वेताची काठी हा आमचा अख्खा अभ्यासक्रम होता, फक्त त्याची परीक्षा कुणी घेतली नव्हती. घेतली असती तर अण्णा पहिल्या वर्गात आले असते.

पुढे मला काचेच्या दर्शनी भिंती बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. हिंजवडीतल्या त्या निळ्या-हिरव्या काचेच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या काचा नीट बसल्यात का, पाणी आत येतं का, हे तपासायचं माझं काम. टेकडीवरून रोज हिंजवडी गाठणं म्हणजे अर्धं आयुष्य बसमध्ये. म्हणून मी तिकडेच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि शनिवारी-रविवारी घरी यायला लागले.

त्याच सुमारास आमच्या वस्तीचं पुनर्वसन झालं. उतारावरच्या सगळ्या खोल्या उठल्या आणि सगळ्यांना एका नव्या इमारतीत घरं मिळाली. आमचं सातव्या मजल्यावर. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, स्वतःचा संडास-बाथरूम. पश्चिमेच्या भिंतीला मोठी सरकती खिडकी. आम्ही राहायला गेलो तेव्हा ऐन उन्हाळा होता. दुपारी आई भिंतीला तळहात लावून किती वेळ नुसती उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "भिंत गार हाय गं. बाहेर एवढं ऊन हाय आन् भिंत गार हाय." मग ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि झोपून गेली. भर दुपारी आईला झोपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तो उन्हाळा फार चांगला गेला.

पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखाली ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग परातीएवढा. रंगाचे फुगे आले, फुटले. लोखंडी कपाट सरकवलं तर त्याच्या मागे भिंतीवर काळे ठिपके, हात लावला की काजळीसारखे बोटाला येणारे. कपाटातल्या साड्यांना कुबट वास. आणि आईचा खोकला, जो लसणाच्या कामाबरोबर सुटेल असं आम्हाला वाटलं होतं, तो बळावला. रात्र पाठीशी दोन उशा ठेवून बसून काढायची वेळ आली. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा दम्याचा पंप दिला.

आम्ही एकटेच नव्हतो. पश्चिमेच्या बाजूच्या बहुतेक घरांत हेच. सगळ्यांनी मिळून बिल्डरला शिव्या घातल्या, आणि त्यात माझ्या इंजिनिअर असण्याचा उपयोग झाला. मी जरा तांत्रिक शब्दांत घातल्या. त्याने दोरीच्या झुल्यावरून माणसं उतरवून बाहेरच्या भिंतीला पाणी आत न येऊ देणारा रंग मारून दिला. आम्ही आतून भिंत खरवडून पुट्टी भरली, रंग काढला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल परत तिथेच. उलट आता ती बाथरूमच्या बाजूलाही चढली. मी गच्चीवरून वाकून, खालून मान वर करून, फोनचा कॅमेरा मोठा करून बाहेरची भिंत तपासली. कुठे भेग नाही, कुठे सांधा उघडा नाही. भिंत बाहेरून ठणठणीत आणि आतून आजारी.

डॉक्टर सरळ माणूस होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आईला तपासून म्हणाले, औषधं मी देतोच आहे, पण एकतर घर कोरडं करा, नाहीतर घर बदला. बुरशीत राहून ही छाती सुधारायची नाही.

घर बदला म्हणे. जणू उशीचा अभ्रा आहे.

घरी आलो. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मग ती अण्णांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्र्यात व्हते तवा मला कधी पंप लागला न्हाई." अण्णा दाढी खाजवत बसले होते, त्यांचा हात थांबला. तीस वर्षं त्या पत्र्याखाली काढून मिळालेलं घर. यार्डातल्या मित्रांना हौसेने आणून, लिफ्टने वर नेऊन दाखवलेलं घर. त्याच्याबद्दल आई असं बोलली. आणि ती खोटं बोलली नव्हती.

पुढच्या मे महिन्यात तिने ठरवलं की पावसाळ्याआधी ती तिच्या भावाकडे गावी जाणार. चार महिन्यांसाठी, असं म्हणाली. पण मामांशी फोनवर बोलताना मी ऐकलं. मागची पडवी रिकामी आहे का, चूल वेगळी मांडता येईल का, असं ती विचारत होती. चार महिन्यांसाठी कुणी वेगळी चूल मांडत नाही. अण्णा मामांच्या दारात राहायला जाणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणजे घर मिळालं आणि घरातली दोन माणसं दोन गावांना होणार. एवढी साधी गोष्ट होती आणि तिच्यावर माझ्याकडे, डिप्लोमा, डिग्री आणि हेल्मेट असून, काहीच उपाय नव्हता.

ऑफिसात माझे वरिष्ठ शनिवार पेठेतले. वयाने अण्णांएवढे, बोलायला तिरकस, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. त्या आठवड्यात आम्ही एका नव्या इमारतीच्या काचेची पाण्याची चाचणी करत होतो. ही चाचणी मजेशीर असते. बाहेरून पाइपने काचेवर पाणी मारायचं आणि आत बॅटरी घेऊन माणूस उभा करायचा. पण पाणी मारायला सुरुवात खालून करायची. वरून मारलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि आत कुठून शिरलं ते कळत नाही. म्हणून आधी सगळ्यात खालचा सांधा, थोडं थांबायचं, मग त्याच्या वरचा, परत थांबायचं. घाई करणाऱ्याला पाणी सापडत नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना घरचं सगळं सांगितलं. ओल, बिल्डर, पुट्टी, डॉक्टर, आई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "अहो, पण तुमच्या घराची चाचणी केलीत का आपण? की पाणी फक्त आयटीवाल्यांच्या काचांनाच मारायचं असा काही नियम झालाय?"

मला राग आला. मग हसू आलं. मग आठवलं की मी भिंत बघितली होती, खिडकी बघितलीच नव्हती. खिडकी चांगली घट्ट होती, उघडझाप नीट होत होती, काच शाबूत होती. बघायचं काय तिच्यात.

रविवारी सकाळी घरी गेले. आईची बॅग पलंगाखाली भरून तयार होती, वर शालीची घडी. त्याच आठवड्याची गाडी होती. वरच्या मजल्यावरच्या मावशींना विचारून त्यांच्या बाथरूमच्या नळाला पाइप लावला आणि त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीपर्यंत खाली सोडला. मावशी वरून ओरडल्या की पाणी बेतानं वापर, टाकी तुझ्या सासऱ्याची नाही. आमच्याकडे प्रेम असंच व्यक्त करतात.

अण्णांना मी आत खिडकीपाशी बसवलं. भिंतीला हात लावून ठेवायचा आणि ओल लागली की सांगायचं. बॅटरी त्यांच्या हातात दिली. ते जमिनीवर मांडी घालून बसले, आणि मी खिडकीबाहेर वाकले. आईने माझी ओढणी मागून घट्ट धरली, जशी काही ओढणीने मी सातव्या मजल्यावर टिकणार होते.

आधी खिडकीखालच्या भिंतीवर पाणी सोडलं. थांबलो. "कोरडी हाय," अण्णा म्हणाले. मग चौकटीच्या खालच्या सांध्यावर. थांबलो. कोरडी. मग बाजूच्या सांध्यांवर. कोरडी. आई म्हणाली, पाणीच वाया चाललंय. मग मी पाइप बाजूला केला आणि खिडकी सरकते त्या खालच्या पन्हाळीत एक तांब्या पाणी ओतलं. त्या पन्हाळीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. पाऊस काचेवरून ओघळून पन्हाळीत उतरतो तो रोखता येत नाही. म्हणून तो त्या भोकांतून परत बाहेर जाईल अशी सोय करून ठेवतात. हिंजवडीतल्या प्रत्येक चौकटीची ही भोकं मी काडी घालून तपासते. पगारच त्याचा मिळतो.

पाणी बाहेर पडलं नाही. पन्हाळ भरली. काठोकाठ झाली. मग पाणी आतल्या बाजूच्या ठेंगण्या कडेवरून अलगद उलटलं आणि खिडकीच्या कडप्प्याच्या लादीखालच्या फटीत शिरून दिसेनासं झालं. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "आली. हितं आली. वल्ली लागतीय."

मी बाहेरून हात घालून पन्हाळीची कड चाचपली. भोकांच्या जागी गुळगुळीत लागलं. फटी बुजवायचं सिलिकॉन. व्यवस्थित, बोटाने सारखं केलेलं.

"अण्णा, इथं भोकं होती का?"

"व्हती की," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "दोन व्हती. दोन्ही टोकांना. बिल्डरनं तशीच उघडी ठिवलेली. आलो त्याच महिन्यात बुजवली म्या."

ओढणी धरलेली आई पुढे आली, तिने पन्हाळीतल्या पाण्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. तिला कळायला लागलं होतं. तिने काही बोलायच्या आत मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर एका भोकाच्या जागी घुसवला आणि फिरवला. सिलिकॉनचा लांबट तुकडा निघाला आणि पन्हाळीतलं पाणी पिशवीला टाचणी लागावी तसं भुरकन बाहेर पळालं. खालून कुणीतरी ओरडलं की वरून कोण शिंपतंय.

पन्हाळ रिकामी झाली. अण्णा बॅटरी हातात घेऊन तिच्याकडे बघत होते. त्यांनी स्वतः तांब्या घेतला, परत पाणी ओतलं. ते बाहेर गेलं. परत ओतलं. परत गेलं. मग म्हणाले, "पत्र्याला भोक म्हंजी पाणी आत. हितं भोक म्हंजी पाणी भाईर." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "ह्ये कुणी सांगितलं न्हाई आमाला."

"कुणीतरी सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. घराची किल्ली देताना सोसायटीचे नियम वाचून दाखवले, लिफ्टचं बटण कसं दाबायचं ते दाखवलं, कचरा कुठे टाकायचा ते दाखवलं. खिडकीला भोकं का असतात हे कुणीच सांगितलं नाही. सगळी इमारत पत्र्याखालून आलेल्या माणसांनी भरलेली. भोक दिसलं की त्यांनी काय करावं असं किल्ली देणाऱ्यांना वाटलं होतं?

मग मी घरभर फिरले. बाथरूमच्या झडपेच्या काचपट्ट्यांमागे थर्माकोल आणि चिकटपट्टी, कारण पाऊस आत येतो. स्वयंपाकघरात वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्यासाठी सोडलेल्या गोल भोकात विटेचा तुकडा आणि सिमेंट, कारण उंदीर. उंदीर सातव्या मजल्यावर येतील का, हा प्रश्न अण्णांना पडला नव्हता. उतारावर ते कुठंही येत. आई पावसाळ्यात भाकरी भाजायची, भात शिजवायची, पाणी तापवायची, धुणं दोरीवर घरातच वाळत घालायची, आणि यातली वाफ कुठेच जात नव्हती. ती रात्री गार पडलेल्या भिंतीला, कपाटामागच्या कोपऱ्याला जाऊन चिकटत होती. आईला मी सांगितलं की आपल्या पत्र्याला पहाटे घाम यायचा ना, तसाच या भिंतीला येतोय. पत्र्याचा थेंब खाली पडायचा, भिंत तो पिऊन टाकते. तिला एका वाक्यात समजलं. मला ते कॉलेजात समजायला अख्खं सत्र लागलं होतं.

थर्माकोल मी काढला. वीट अण्णांनी छिन्नीने फोडली. झडपेतून वारा आत आला आणि स्वयंपाकघरातून बाहेर गेला. मधल्या दोरीवरचा टॉवेल हलला. आई म्हणाली, "आता सगळी भोकंच भोकं."

अण्णा हात धुवून बाहेर पडले. मला वाटलं, मन मोकळं करायला खाली पारावर गेले असतील. त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं. त्यांच्या हातानेच आईच्या छातीत ओल गेली, असा अर्थ ते काढणार आणि तो कुणी कितीही समजावला तरी तसाच राहणार. मी त्यांच्या मागे जाणार होते, तेवढ्यात आई म्हणाली, जाऊ दे त्यांना.

तासाभराने वरच्या मावशी पाइप न्यायला आल्या आणि हसत हसत सांगायला लागल्या. अण्णा त्यांच्याकडे गेले होते. त्यांच्याही खिडकीची भोकं अण्णांनीच बुजवलेली. त्यांचीच काय, पश्चिमेच्या बाजूच्या निम्म्या इमारतीची. हाताला कसब, कुणाला नाही म्हणायचा स्वभाव नाही, आणि हार्डवेअरवाला ओळखीचा. पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना बोलावून बोलावून नेलं होतं. आता ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच दारांवर उभे होते.

पाचव्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं म्हणे, "अण्णा, मागं बुजवायला आला व्हता, आता उघडायला? नेमकं काय शिकताय तुम्ही, कुलूपवाल्याचा धंदा?"

"चूक झाली," अण्णा म्हणाले. "उघडू द्या. पोरगी इंजिनिअर हाय. तिनं बघितलंय."

हे मावशींनी त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. आई हसली. हसताना तिला खोकला आला, आणि खोकता खोकता ती आणखी हसली. मला मात्र पाठ करून चहाचं आधण बघायला लागलं. अण्णांनी आयुष्यात कधी कुणापुढे चूक झाली म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. यार्डात वजनावरून भांडणं झाली तरी नाही. आणि त्यात त्यांनी माझं शिक्षण पुढे केलं होतं, ढाल म्हणून नव्हे. त्यांना ते खरोखर पुरेसं कारण वाटत होतं.

एक-दोघांनी दारं उघडली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर सांगितलं, भोक ठेवायचं तर खिडकीच कशाला लावायची, उघडंच ठेवू की. त्यांना पटवायला मला जावं लागलं, तांब्याभर पाणी घेऊन. पाणी ओतून दाखवलं की कुणीही वाद घालत नव्हतं.

आईने गावाची गाडी जाऊ दिली. "आठ दिवस बघते," म्हणाली. बॅग पलंगाखालून काढली नाही, पण शाल काढून कपाटात ठेवली. कपाट आम्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. ओला गिलावा खरवडला, खालची वीट उघडी करून पंखा तिच्याकडे वळवला, आणि मे संपेपर्यंत ती भिंत तशीच उघडी वाळू दिली. पाहुणे आले की विचारायचे, हे काय? अण्णा सांगायचे, "सुकायला टाकलीय," जसे पापड.

जूनमध्ये पाऊस आला तो पश्चिमेकडूनच आला, तिरका, खिडकीवर थपडा मारत. मी त्या दिवशी हिंजवडीत होते. कामात लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फोन केला. अण्णांनी उचलला. म्हणाले की सकाळपासून खिडकीपाशी बसलोय. पन्हाळीत पाणी येतंय आणि दोन्ही टोकांनी बाहेर जातंय, दोन बारीक धारा, मोजून दोन. मी विचारलं, भिंत? म्हणाले, हात लावूनच बसलोय. कोरडी.

वरिष्ठांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अभिनंदन. आता कृपया आपण ज्याचा पगार घेता त्या इमारतीकडेही वळावं." पण संध्याकाळी कॅन्टीनमधून त्यांनी सगळ्यांना वडे मागवले, आणि कारण विचारल्यावर म्हणाले, कारण लागतं का वड्यांना.

जुलैत झड लागली. घरात दोरीवर धुणं होतं, शेगडीवर भात होता, झडप उघडी होती. आई कुरकुर करायची की वारा लागतो, मी स्वेटर आणून दिला. ऑगस्टमध्ये भिंतीला नवा गिलावा झाला आणि आईने स्वतः रंग निवडला, फिकट पिवळा. अण्णांना पांढरा हवा होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही. गणपती झाल्यावर मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि विचारलं की घर बदललंत का. आई म्हणाली, नाही, तेच आहे. त्यांनी पंप बंद केला. गरज वाटली तर परत सुरू करू म्हणाले. अजून वाटलेली नाही.

आमचं घर कोरडं झालं आणि आई त्यात राहिली.